शेवटचं पान वर

आमच्या टॉलिव्हर काउंटीत लग्न ठरलं की पोरगी माझ्या खिडकीशी येते, आणि मी तिला आधी हाकलते. "समोर जाऊन आलीस का?" एवढंच विचारते. समोर म्हणजे कोर्टाच्या इमारतीतल्या बोळाच्या पलीकडे, व्हर्डीन फ्युगेटचा काउंटर. लग्नाचे परवाने आणि गाड्यांच्या नंबरपाट्या माझ्याकडे, आणि कोणाला कधी अटक झाली, कोणावर कसला खटला चालला, ते सगळं तिच्याकडे. कागद सरकारी, कोणीही नाव सांगावं, पानाचे पैसे भरावेत आणि बघावेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घोडा घेताना दात बघतोच ना आपण? मग नवरा घेताना का नाही?

बाहेरून आलेल्या पोरी तोंड वाकडं करायच्या. "आमचं प्रेम आहे, नेल्डामावशी." मी म्हणायची, "असू दे की. प्रेम घेऊनच समोर जा."

व्हर्डीनची एक खोड होती. कागद मागितला की ती शेवटचं, निकालाचं पान वर ठेवून, पिन मारून द्यायची. अटकेचं पान सगळ्यात खाली. सुटं पान तिच्या काउंटरवरून कधी गेलं नाही. वकील चिडायचे, "बाई, मला फक्त अटकेचा कागद हवाय." ती चष्म्यावरून बघायची. "तो एकटा कुठे जात नाही. सोबत लागते त्याला."

तिचंही खरंच होतं. आमचं साप्ताहिक गुरुवारी येतं, आणि त्यात शेरीफने आठवड्यात कोणाकोणाला उचललं त्याची यादी असते. सगळी काउंटी न्याहारी करता करता आधी ती यादी वाचते, मग कोण वारलं ते. पण पुढे त्या माणसाचं काय झालं, सुटला की काय, ते कोणी छापत नाही. त्यामुळे आमच्याकडे माणूस एकदा गुरुवारी छापून आला की जन्मभर गुरुवारचाच राहतो. व्हर्डीनचा राग होता तो त्या गुरुवारवर.

एकदा एक आई रडत आली. लेकीने ज्याच्याशी ठरवलं होतं, त्याला डुक्कर चोरल्याबद्दल पकडलं होतं म्हणे. व्हर्डीनने कागद काढले, पिन मारली आणि पुढे सरकवले. वरच्या पानावर लिहिलं होतं की खटला रद्द, कारण डुक्कर मालकाच्याच बहिणीच्या मक्यात मजेत चरताना सापडलं. आई रडता रडता हसायला लागली. त्या दोघांना आता पोरं आहेत, आणि जावयाला आजही सगळे डुकऱ्या म्हणतात, तो भाग वेगळा.

आणि एखादीच्या नशिबात जाड गठ्ठा निघाला, तर व्हर्डीन काउंटर बंद करून बोळातल्या बाकावर तिच्याशेजारी बसायची. डब्यातला सफरचंदाचा केक अर्धा तिच्या हातात द्यायची. रांगेतले लोक मुकाट्याने उभे राहायचे, कारण मी माझ्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत असायची.

तर अशी ही बाई साठीच्या घरात आल्यावर डेल्मर सायझमोरच्या नादी लागली. खरं म्हणजे तो तिच्या. डेल्मर डोंगरापलीकडच्या स्टॅमर काउंटीतला, इकडे येऊन करवती दुरुस्त करायचं दुकान टाकलेलं. सोबत लंगडा भाऊ वेंडल. गाडीची पाटी घ्यायला आला आणि चुकून व्हर्डीनच्या रांगेत उभा राहिला. तिने त्याला माझ्याकडे पाठवलं. काही दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा तिच्याच रांगेत. मी इकडून ओरडले, "अहो सायझमोर, पाट्या इकडे मिळतात." तर म्हणतो कसा, "हो का? विसरलोच." तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्याकडे दुरुस्त करायला किंवा नोंदवायला काहीच नव्हतं. तिची कात्री मागून घेतली आणि धार लावून आणून दिली.

दोघं एकमेकांना अहो-जाहो करायचे. तो तिला व्हर्डीनबाई म्हणायचा आणि टोपी काढून हातात धरायचा. चर्चच्या जेवणाला तो तिच्या ताटलीत माशाचा काटे काढलेला तुकडा ठेवायचा, आणि ती इतकी लाजायची की मला तिकडे बघवत नसे. अशाच एका जेवणाला त्याने तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, विचार करून सांगते.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन तिच्या काउंटरला गेले. "विचार कसला करतेस? आमच्याकडे त्याचं काही नाहीच, तो इथला नाही. डोंगर ओलांड, स्टॅमरच्या कोर्टात जा, नाव सांग. सगळ्या काउंटीच्या पोरींचं बघितलंस, स्वतःचं बघायला काय झालं?"

"मी नाही जाणार."

"मग मी जाते."

"गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस, नेल्डा." घेवड्याचा चमचा तसाच धरून ती म्हणाली, "क्लेटनचं बघितलं होतं मी."

क्लेटन तिचा नवरा. तेव्हा ती नोकरीत नवीन होती, आणि लग्नाआधी तिने त्याचं नाव शोधलं होतं. काही नाही. साधं वेगात गाडी चालवल्याचंसुद्धा नाही. सगळ्यांनी तिला नशीबवान म्हटलं. आणि मग ती भर ऑगस्टमध्ये, पंखे गरम वारा फेकत असताना, लांब बाह्यांचे कपडे घालून यायला लागली. आम्हाला काय कळत नव्हतं? पण शेरीफचं दार तिच्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर, आणि ती कधी त्याची पायरी चढली नाही. क्लेटन झोपेत गेला. पाद्र्याने थडग्यापाशी सांगितलं, निष्कलंक माणूस होता. मी तेव्हा खोकले, मुद्दाम, आणि जोरात.

म्हणून ती अडून बसली होती. जन्मभर लोकांना कागद दाखवले आणि स्वतःच्या वेळी कागदानेच दगा दिला. आता स्टॅमरहून कोरं आलं तर तिला त्यावर विश्वास बसणार नव्हता, आणि भरलेलं आलं तर पुन्हा माणसावर बसणार नव्हता. डेल्मरला हो म्हणायचं तिला होतं, हे बोळातल्या झाडूवालीलाही दिसत होतं. पण पाऊल उचलेना. तो येऊन नुसता कात्रीला धार लावून जायचा. ती कात्री एवढी धारदार झाली की आम्ही तिला हात लावायला घाबरायचो.

मग एका शुक्रवारी डेल्मर आला. शर्ट इस्त्रीचा, केस पाण्याने बसवलेले, नखांतलं काळं मात्र तसंच. तो तिच्या रांगेत उभा राहिला. पुढे एक वकील होता, तो हटला. डेल्मरने टोपी काढली आणि काउंटरवर काही कागद ठेवले. त्यांना कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावलेला होता. माझ्या खिडकीत एक जण ट्रकची पाटी मागत होता. मी त्याला म्हटलं, गप्प राहा जरा.

"स्टॅमरला गेलो होतो, व्हर्डीनबाई," डेल्मर म्हणाला. "माझंच नाव दिलं. तिथल्या बाईने अटकेचं पान दिलं आणि म्हणाली, झालं. मी म्हटलं, सगळं द्या, आणि शेवटचं वर ठेवा. ती म्हणाली, ही कुठली पद्धत? मी म्हटलं, आमच्या काउंटीची. पिन तिने मारली नाही. म्हणून हा चिमटा."

व्हर्डीनने चष्मा लावला. वरचं पान वाचलं. मला इतक्या लांबून अक्षर दिसत नव्हतं, पण तिचा चेहरा दिसत होता, आणि तो उतरला.

"दोषी," ती हळूच म्हणाली.

"हो."

"तुरुंगात होता तुम्ही."

"होतो. खालचंही वाचा."

तिने पान उलटलं. रांगेतले सगळे भिंतीकडे बघत होते. आमच्याकडे लोकांना मान दुसरीकडे वळवून ऐकता येतं.

"हा गाडीतला जखमी," ती म्हणाली, "वेंडल आहे?"

"वेंडल सगळ्यांना सांगतो, घोड्यावरून पडलो. घोडा कधी नव्हताच आमच्याकडे. दारू पिऊन गाडी मी चालवत होतो. तो म्हणत होता, डेल्मर, हळू." त्याने टोपीची कड मुठीत चुरगाळली. "तेव्हापासून थेंब घेतला नाही. पण ते कुठल्या कागदावर नाही, त्यामुळे त्याचा दाखला मला देता येत नाही. ज्याचं पान नाही ते तुम्ही विचारा. मी सांगेन."

व्हर्डीनने उलटलेलं पान परत कागदांवर टाकलं. मला वाटलं, गेलं. ती आता ते परत सरकवणार आणि घरी जाऊन एकटी जेवणार, तीच थंड घेवड्याची वाटी, तोच रेडिओ. मला तिचा राग आला, डेल्मरचा आला, मेलेल्या क्लेटनचा तर आलाच आला.

मग ती बोलली, आणि हळू बोलली नाही.

"माझंही एक आहे ज्याचं पान नाही. क्लेटनच्या नावावर इथे काही सापडणार नाही तुम्हाला. एक ओळसुद्धा नाही. असायला हवी होती. पुष्कळ पानं असायला हवी होती, आणि ती मी होऊ दिली नाहीत."

इतक्या वर्षांत त्या इमारतीत ती हे पहिल्यांदा बोलत होती. भर कामाच्या वेळी, उघड्या काउंटरवरून, रांग ऐकत असताना. बाकावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. डेल्मरने फक्त आपला काळ्या नखांचा हात काउंटरवर, तिच्या हाताच्या जवळ ठेवला, धरला नाही.

व्हर्डीनने चिमटा काढला. कागद ठोकून सरळ केले, शेवटचं पान वर आहे ना ते बघितलं, आणि कोपऱ्यात पिन मारली. चिमटा त्याला परत दिला. मग काउंटरची फळी उचलून ती बाहेर आली आणि बोळ ओलांडून थेट माझ्या खिडकीशी उभी राहिली, तो तिच्या मागे.

इतक्या वर्षांची सवय, तोंडातून तेच निघालं.

"समोर जाऊन आलीस का?"

"मी समोरचीच आहे, नेल्डा," ती म्हणाली. "परवान्याचा अर्ज दे."