हरलेल्याची सही

दिवाळी झाली की आमच्याकडं घरात कापूस भरतात. आधी एक कोपरा, मग अर्धी खोली, मग कापूस आत आणि माणसं ओसरीवर! पटाच्या किश्शांचं माझ्या डोक्यात तसंच झालंय. बायको म्हणते, "थोडे बाहेर काढा बाप्पा, नाईतर उद्या मले ओळखणार नाई तुम्ही." म्हणून काढतोय.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, रोहण्याच्या जवळ. दर हिवाळ्यात आमच्याकडं शंकरपट भरतो, म्हणजे बैलांची शर्यत. दोन जोड्या, दोन हलक्या गाड्या, समोर सरळ पट्टी आणि दोन्ही बाजूंना अख्खी पंचक्रोशी. मी शाळेत मास्तर होतो, अक्षर बरं होतं, म्हणून निकालाची वही माझ्याकडं आली. नोकरी संपली, वही सुटली नाही. आमची मंडळी चौघांची. गुलाबराव घड्याळवाले, वामनराव माईकवाले, दौलतकाका धुरकरी, म्हणजे गाडी हाकणारे, आणि मी वहीवाला.

*

गुलाबराव हा देवमाणूस, फक्त त्यांच्या हातात घड्याळ द्यायला नको होतं. जोडी सुटली की ते बटण बरोबर दाबायचे. पण अर्ध्या पट्टीत जोडी आली की स्वतःच ओरडायला लागायचे, "हाण रे! आली रे! आली!" जोडी शेवटाला पोचायची, पुढं नाल्यापर्यंत जाऊन परत यायची, तरी घड्याळ चालूच!

एका वर्षी मी वेळ विचारली. ते घड्याळाकडं पाहून म्हणाले, "तीन मिनिटं चाळीस सेकंद."

जोडी दहा-बारा सेकंदांत पट्टी पार करते. मी म्हणालो, "गुलाबराव, एवढ्या वेळात तर बैल चरत चरत आले असते."

पुढच्या वर्षी आम्ही त्यांची खुर्ची उलटी ठेवली. तोंड लिंबाकडं, पाठ पट्टीकडं. सुटताना आणि शेवटच्या दोरीपाशी एकेक जण ओरडणार, की यांनी बटण दाबायचं. सगळ्या वेळा अचूक आल्या! संध्याकाळी पाहतो तर गुलाबराव रुसून बसलेले.

"मास्तर, साऱ्या गावानं पट पाह्यला. मी लिंबाचं झाड पाह्यलं!"

त्यानंतर खुर्ची पुन्हा सरळ केली. माणूस दुखावण्यापेक्षा घड्याळ चुकलेलं परवडलं.

*

वामनरावांचं वेगळंच. माईकवर ते कुठल्याही जोडीला 'हरली' म्हणत नाहीत. मालकाचं मन मोडतं, बैलाचंही मोडतं, असं त्यांचं मत. हरलेल्या जोडीबद्दल ते म्हणतात, "ही जोडी जरा सावकाश पोचली." गाडी उलटली तर, "जोडीनं मधात विश्रांती घेतली."

एकदा एक जोडी सुटली ती पट्टी सोडून थेट तुरीच्या शेतात घुसली. तिथून बांध, बांधावरून रस्ता आणि रस्त्यानं सरळ स्वतःच्या गावाकडं! धुरकरी गाडीत उभा राहून हात जोडतोय, बैल ऐकायला तयार नाहीत. आता वामनराव काय बोलतात म्हणून आम्ही सगळे कान लावून बसलो.

माईक खरखरला. "मंडळी, ही जोडी आपल्या घरी पहिली आली हाय! टाळ्या!"

टाळ्या झाल्या, बरं का!

*

आता मुख्य गोष्ट, ती म्हणजे वहीचा नियम. पूर्वी पट संपला की भांडणं सुरू व्हायची. 'मी जिंकलो', 'तू कसा जिंकला', मग काठ्या. तेव्हा जुन्या जाणत्यांनी ठरवलं, की निकालाखाली जिंकलेल्याची सही घ्यायचीच नाही. हरलेल्याची घ्यायची! त्यानं सही केली की निकाल पक्का. नाही केली तर जागा कोरी. जिंकलो म्हणून कोणीही सांगतो, हरलो म्हणून सही करायला छाती लागते.

या सहीपायी लोकांनी काय काय केलं! एक गडी हरल्याबरोबर कपाशीच्या पऱ्हाटीत लपून बसला. आम्ही पुकारून पुकारून दमलो. शेवटी त्याची बायको डोक्यावरचा पदर सावरत आली, माझ्या हातातला पेन घेतला आणि सही केली. मी म्हणालो, "वहिनी, त्यांचीच पाहिजे."

"त्यायचीच सही होय, मास्तर. बचत गटाच्या कागदावरबी त्यायची मीच करतो. त्यायले तं येतच नाई!"

सहीशेजारी शेरा लिहायला मी थोडी जागा ठेवत असे. एकानं लिहिलं होतं, 'बैलांची चूक नाही, मी सकाळी भांडून निघालो होतो.' पण सगळ्यात भारी शेरा एका म्हाताऱ्याचा. पाच मिनिटं विचार करून त्यानं लिहिला, 'मी हरलो हे मान्य आहे. तो जिंकला हे मान्य नाही.'

*

मधे कोर्टाची बंदी आली आणि बरीच वर्षं पट झाला नाही. पण पटाचा दिवस आला की आमचे पाय मैदानाकडं वळायचेच. पहिल्या वर्षी चौघंच गेलो. बसून काय करायचं? वामनराव म्हणाले, "मास्तर, वही काढा." मी जुने निकाल वाचू लागलो आणि ते त्यावर तोंडानं पट पळवू लागले. "सुटली, सुटली, डावी जोडी पुढं..." गुलाबराव घड्याळ धरून बसलेले!

दुसऱ्या वर्षी पन्नासेक माणसं ऐकायला आली. तिसऱ्या वर्षी चहाची गाडी लागली. कुठं बैल नाहीत, गाडी नाही, आणि लोक श्वास रोखून बसलेले. निकाल सगळ्यांना पाठ, तरी!

वाचून झालं की एक शेतकरी माझ्याकडं आला, चेहरा पाडून. म्हणाला, "मास्तर, मांगच्या साली वाचली तवा माही जोडी जरा जवळ होती. औंदा लयच मांग पडली."

*

परवानगी मिळाली तशी नियमही आले. काठी नाही, टोचणी नाही, पळण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी. पहिल्या वर्षी डॉक्टर तरुण होते. एका बैलाच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मालक घामाघूम. "काऊन साहेब? काई हाय का?"

डॉक्टरांनी नळी काढली आणि मालकाची नाडी धरली. "बैल पळू शकतो. तुम्ही बसून घ्या!"

*

आता दौलतकाका. माझ्या वहीत सगळ्यात जास्त सह्या कोणाच्या असतील, तर त्यांच्या. वळणदार अक्षर, शेवटी एक सरळ रेघ. दर वर्षी ते अंतिम फेरीत यायचे आणि दर वर्षी समुद्रपूरकडचे मारोतराव त्यांना मागं टाकायचे. मारोतराव वांगी-टमाटे पिकवणारा माणूस, बोलायला तिखट. त्यांची सही वहीत एकदाही नाही. हरलेच नाहीत तर करतील कशाला? दौलतकाका मात्र हसत यायचे. "आणा मास्तर, आपली हजेरी लावून देतो."

बंदीच्या आधीचा शेवटचा पट. पुन्हा हेच दोघं. दोन्ही जोड्या अशा पळाल्या की मधून वारा जायला जागा नव्हती. दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला नुसती धूळ दिसली. राहिले गुलाबराव. त्यांच्या दोन हातांत दोन घड्याळं होती. मी धावत गेलो, तर त्यांचे दोन्ही हात वर! "आली रे! आली!" घड्याळं चालूच.

दौलतकाका म्हणाले, मी जिंकलो. मारोतराव म्हणाले, मी. आम्ही म्हणालो, बरोबरी लिहू. तर दोघंही एकदम उसळले, "बरोबरी? याच्यासंग?" सही कोणीच केली नाही. मग बंदी आली आणि ती जागा कोरी राहिली ती राहिलीच. दौलतकाकांचं वय झालं, बैल विकले. सगळ्या जन्मात जिंकल्याचं त्यांच्याजवळ तेवढं एकच वर्ष होतं आणि तेही कच्चं.

*

औंदा पटाच्या समितीनं ठरवलं, की मैदानावर जुन्या निकालांचा मोठा फलक लावायचा. आर्वीहून पेंटर सांगितला. त्याच आठवड्यात गुलाबरावांचा फोन आला. "मास्तर, दौलतले वर्ध्याले नेलं. पोरीकडं हाय, नालवाडीले. ऑपरेशन हाय म्हणते."

"कशाचं?"

"तेवढ्यात फोन कटला. मंग लागलाच नाई."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नाही नाही ते मनात येत होतं. फलक लागेल, त्यावर सगळ्यांची नावं येतील आणि या माणसाचं नाव फक्त हरलेल्यांत! सकाळी वही पिशवीत टाकली आणि एसटी धरली. आर्वी, वर्धा, समुद्रपूर.

मारोतराव वांग्याच्या वाफ्यात बसले होते. मला पाहून म्हणाले, "वहीवाले! काऊन आलते? मी सही करत नसतो, मांगंच सांगतलं."

मी म्हणालो, "दौलतकाकांचं ऑपरेशन आहे."

"कायचं?"

"माहीत नाही. वर्ध्याला नेलंय."

त्यांनी हातातलं खुरपं मातीत रोवलं. मग म्हणाले, "तो राह्यला नाई तं मी जिंकलो हे सांगू कोणाले? दुसऱ्या कोणाले काय समजते त्याच्यातलं?"

हात धोतराला पुसून त्यांनी पेन मागितला. वही मांडीवर घेतली आणि इकडंतिकडं पाहू लागले. "कोठी करू, मास्तर? मले सवय नाई."

मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली. उठताना म्हणाले, "त्याले सांगजो, का मारोत्या हरला म्हणून. जोरानं सांगजो."

*

नालवाडीला पोचेस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दार उघडंच होतं. आत पाहतो तर दौलतकाका काळा चष्मा लावून तर्रीपोहे हाणताहेत!

"जयभीम, मास्तर! या, या. असं तोंड काऊन केलं? कोण गेलं?"

"जयभीम," मी कसंबसं म्हणालो. "काका, ऑपरेशन..."

"झालं ना. मोतीबिंदू. वीस मिनिटं लागले. गुलाबनं मोजले असते तं तीन दिवस झाले असते!"

मी उंबऱ्यावरच बसलो. हसू येत होतं, डोळे भरत होते, त्यांच्या लेकीनं पाणी दिलं ते अर्धं सांडलं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

मग आठवली वही! लेकीनं ते पान वाचून दाखवलं. काका पोहे खायचे थांबले.

"तुम्ही त्याले काय सांगतलं?"

"ऑपरेशन आहे म्हणून."

"कायचं ते नाई सांगतलं."

"मलाच कुठं माहीत होतं!"

काका म्हणाले, "म्हणजे त्यानं मरणाऱ्याले पट सोडला. अन् मी तं बसून पोहे खाऊन राह्यलो." त्यांनी ताटली बाजूला सारली. "अशी जीत मले नाई पाह्यजे, मास्तर. आणा इकडं."

"काका, डोळ्याला त्रास होईल."

"मले पाहाची गरज नाई. मले सवय हाय."

आणि मारोतरावांच्या सहीखाली, न पाहता, वळणदार अक्षरात सही केली. शेवटी सरळ रेघ.

*

पेंटर दुसऱ्या दिवशी आला. त्या ओळीशी थांबला. "मास्तर, जिंकलेल्याच्या खान्यात कोण?"

"कोणी नाही."

"अन् हरलेल्याच्या खान्यात दोन नावं? बसत नाईत."

"बारीक लिहा," मी म्हणालो.

यंदाच्या पटाला मारोतराव आले. ऑपरेशन कशाचं होतं ते त्यांना तोवर कळलं होतं. आल्या आल्या त्यांनी दौलतकाकांना मनसोक्त शिव्या दिल्या आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. फलकाच्या बरोबर खाली दोघं. काकांचा डोळा आता लख्ख. लोक फलक वाचत होते, ती एक ओळ पाहून डोकं खाजवत होते. वामनरावांना राहवलं नाही. माईक घेऊन ते दोघांपाशी गेले. "मंडळी, शांत राहा! आज सोक्षमोक्ष होऊनच जाऊ द्या. बोला, त्या साली कोण जिंकलं होतं?"

माईक दोघांच्या बरोबर मधे होता.

"मी!"

दोघंही! आवाज एकच वाटला. मैदान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. पण वामनराव हट्टाला पेटले. "पहिले कोण बोललं? गुलाबराव, पहिले कोण?"

आम्ही सगळे गुलाबरावांकडं वळलो. त्यांचे दोन्ही हात वर होते.