टकटक थांबेपर्यंत

फोटोच्या नादात मी एकदा आईचा जीव गुदमरवला होता. तेव्हा मी अठ्ठावन्नची होते, म्हणजे अक्कल यायच्या बरीच आधीची.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा लातूरच्या मुलानं कॅमेरा आणून दिला. वरच्या अंगाला एक गोल चकती, तिच्यावर फूल, बाईचा मुखडा, पळणारा माणूस अशी चित्रं. चकती पळणाऱ्या माणसावर नेऊन बटन दाबून धरलं की टकटकटक, एका दमात तीसेक फोटो. इस्लापूरच्या धबधब्यावर तसे काढले. पाण्याचा थेंब न् थेंब हवेत अडकलेला बघून मी स्वतःला फोटोग्राफर समजू लागले. घरात कुणी शिंकलं तरी तीस फोटो.

हवा होता तो मात्र आईचा. ऐंशी उलटलेली आई मुदखेडला भावाकडं राहायची. तिचा एकटीचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, पोलीस ठाण्यात बसवल्यासारखा. उद्या भिंतीवर तोच लागायचा, याचा मला धसका होता. पण फोटो म्हटलं की आईचा पदर डोक्यावर, हात गुडघ्यांवर आणि श्वास बंद. बटनाचा आवाज झाला की सोडायची. स्टुडिओवाल्यानं कधीकाळी ‘हलू नका’ म्हटलेलं, ते तिनं जन्मभर पाळलं.

तिसांत एखादा तरी खरा निघेल, असा माझा हिशेब. ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी बटन दाबलं, आई थिजली. आवाज थांबेना, म्हणून तीही सुटेना. शेवटी कॅमेराच दमला, लाल दिवा लुकलुकवत बसला, आणि आई हाश्शहुश्श करत भिंतीला टेकली.

“मेले असते की गं. संपंना कसा तुझा फोटो?”

“एक न्हाई माय, लई काढले.”

“मग सांगावं न्हाई का? मला वाटलं एकच हाय, लांबलचक.”

आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी बटन दाबत राहिले. कॅमेरा अजून आधीचेच फोटो साठवत होता, नवा काढेना. नंतर पाहिलं, तर तीस वेळा तेच आधार कार्ड.

इतकी वर्षं वर्गात घालवली. बाई बघताहेत म्हटलं की पाठ असलेली कविता पोर विसरतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी वेगावर भिस्त ठेवली. पाण्याला कुठं कळतं, कुणी बघतंय ते? आईला कळत होतं.

मग आवाज बंद केला, चकती साध्या खुणेवर आणली, एका दाबाला एकच फोटो. कॅमेरा मांडीवर ठेवून मी नुसत्या गप्पा मारायचे. दोन खेपा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला मी सोललेल्या दाण्यांत मुद्दाम मूठभर टरफलं टाकली. आईनं मान वर केली, पदर खांद्यावर, बोट माझ्यावर रोखलेलं, तोंड उघडं. तेवढा एकच काढला.

तिला दाखवला. कॅमेरा लांब धरून, जवळ धरून तिनं बराच वेळ बघितला. मग म्हणाली, “मी गेल्यावर ह्योच लाव भिंतीला. आल्यागेल्याला वाटू दे, म्हातारी अजून रागवूनच राहिली.”