मुलीशी शाळेबद्दल बोलता का?

घरचं उत्पन्न आणि मुलांच्या शिक्षणातला आई-वडिलांचा सहभाग, असा माझा संशोधनाचा विषय होता. बारामतीच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी प्रश्नावली तयार केली. त्यातल्या अकराव्या प्रश्नावर माझा फार जीव: 'मुलाशी किंवा मुलीशी शाळेबद्दल बोलता का?' 'रोज' म्हटलं की तीन गुण, 'कधीच नाही' म्हटलं की शून्य. पालकसभेला यायचं तर गरिबाला कामावर खाडा करावा लागतो, बोलायला काही लागत नाही, असं मी माझ्या मार्गदर्शक सरांना ठणकावून सांगितलं होतं. शहाणपणा नुसता उतू चालला होता.

वडगाव निंबाळकरला बहुतेक घरांनी 'रोज' सांगितलं. मी खूश.

मग मार्चमध्ये इंदापूर तालुक्यात पळसदेवला गेले. धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारं एक घर होतं. आई जाळं सांधत होती, आठवीतली मुलगी शेजारी मासळी निवडत होती. मी अकराव्या प्रश्नावर आले.

"बोलते की. रोज बोलते," आई म्हणाली.

मी तीन गुण मांडले. बाईचं कौतुक वाटलं, म्हणून कागदावर नसलेलं विचारलं, "काय बोलता?"

"सोड म्हनते. आठवी झाली की बास. म्होरची शाळा लांब हाय, येष्टीनं एकलीला धाडायचं म्हंजी मला भ्या वाटतं. रोज सांगते, ती रोज रडती. न्हाय ऐकत."

मुलीने मान वर केली. ती आईकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी कॉलेजातली बाई; एक शब्द टाकला असता तर आईने निदान ऐकून घेतला असता. पण आपण फक्त विचारायचं, सल्ला द्यायचा नाही, हे मीच माझ्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलं होतं. मी बारावा प्रश्न वाचला. त्याची मला अजून लाज वाटते.

प्रश्न दुरुस्त करून जुलैत पुन्हा त्याच घरी गेले. 'काय बोलता' हे आता कागदावरच होतं. भर शाळेच्या वेळेला मुलगी दारात जाळं सांधत बसली होती. आई पाण्याकडे गेलेली.

"आई शाळेबद्दल काय बोलते गं?" मी तिलाच विचारलं.

"आता न्हाय बोलत," हात न थांबवता ती म्हणाली. "ऐकलं की मी तिचं."