भन्तेजींचा डबा

हे आत्ताच सांगून टाकतो, नाई तं पुन्हा हिंमत होणार नाई! आज ब्रह्मपुरीच्या मेसमध्ये जवसाच्या चटणीचा वास आला अन् आमच्या सावली गावचे भन्तेजी आठवले. चांगली नोकरी सोडून ते भिक्खू झाले होते. दिवसातून एकदाच जेवत, तेही बाराच्या आत.

एक दिवस आईनं जवसाची चटणी घालून त्यांचा डबा विहारात न्यायले माझ्याजवळ देल्ला. मी सातवीत होतो, रस्त्यात क्रिकेट खेळत बसलो.

"साडेबारा झाले बेटा, आता उद्याच," भन्तेजी हसून म्हणाले. "तूच खाय, भुकेजला असशील."

अन् मी त्यांच्यासमोरच सारा डबा खाल्ला! त्यांनी मले पाणी आणून देल्लं.

घरी आईनं विचारलं, "जेवले का रे भन्तेजी?"

"हो, पोटभर."

तवा काईच वाटलं नाई, आता लय लाज वाटून राह्यली. तुमच्यामुळं असं कोणी उपाशी राह्यलं का कधी?