तळ्याच्या पोटातली माती

लग्न होऊन मी संग्रामपूरकडच्या सासरी आले, तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले. आमच्या घरचा मात्र माझ्या अकलेनं चालावा असं मला वाटे. खामगावची चौथी पास ना मी!

गावाला पाणी एका कच्च्या तळ्याचं. टेकडीवरच्या ओहोळांनी ते भरे. सासूबाईंनी आल्या आल्या बजावलं होतं, सारवायला माती काठची घ्यायची, तळ्याच्या पोटातली नाही. पण काठची खरबरीत, आणि माझी ओसरी आरशासारखी दिसायला हवी! उन्हाळ्यात तळं आटल्यावर भर दुपारी मी एकटीच आत उतरले. मधला चिकण गाळ टोपल्या भरभरून काढला, पार खालचा पिवळा मुरूम लागेपर्यंत. त्या खटाटोपात हातातली हिरवी बांगडी फुटली.

ओसरीचं कौतुक झालं. पावसाळ्यात तळंही काठोकाठ भरलं. पण दिवाळीला पाहते तर पाणी घोट्याएवढं, आणि उताराखालच्या चाचीच्या विहिरीत मात्र वाकून घागर बुडवावी इतकं. चाची गावची मनियारीण, माझ्या बांगड्या तिनंच भरलेल्या. मी पाणवठ्यावर अक्कल पाजळली, की चाचीच्या घरच्यांनी चर खणून पाणी पळवलं. बायकांना तेवढंच पुरलं. चाचीला कुणी ओसरीवर बोलावेना.

संक्रांतीआधी तळं कोरडं पडलं. चाची तळ्यात उतरून माझ्या खड्ड्यापर्यंत जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात उभी राहिली. सासूबाई शेतात होत्या. तिनं पदराची गाठ सोडली. आत हिरव्या बांगडीचा तुकडा.

"तळ्याले गाळाचंच लिंपन राह्यते, बेटी. ते तू काढलं. पानी मुरमातून माह्या विहिरीत उतरलं."

मी तिनंच भरलेल्या बांगड्या पदराआड घेतल्या. काय पण हुशारी!

"मी कोनाले सांगत नाही," ती म्हणाली. "तूच सांग. आन् पानी न्याले येत जा."

त्या उन्हाळ्यात अख्खं गाव तिच्या विहिरीवर आलं. बायका दोर ओढता ओढता म्हणत, आपलंच तर पाणी, चोरलेलं. चाची माझ्याकडे एकदा पाही आणि आत जाई. मी घागर भरून घरी येई.

चौथी पास बाईला तेवढं एक वाक्य बोलता आलं नाही.