वहीवाली बाई माझ्या मागं

मी मणेरीण. मुरुमच्या आसपासच्या गावांत डोक्यावर टोपली घेऊन बायकांना बांगड्या भरायला जायची. चौथी शिकले, म्हणून अक्षर कळतं.

पुण्याहून एक शिकलेली बाई आली. माणसं कामं कशी करतात ते तिला लिहायचं होतं. आठ दिवस माझ्या मागं फिरणार होती. मी बसले की बसायची, उठले की उठायची, सगळं वहीत उतरवायची. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनपासून आम्हा मुसलमानांना वही घेऊन येणाऱ्या माणसाची धास्तीच होती. पण सरपंचानं सांगितलेलं, नाही कसं म्हणणार?

चौथ्या दिवशी विहिरीसमोरच्या घरात धाकट्या सुनेला बांगड्या भरत होते. सासू उंबऱ्यात शेंगा फोडत होती. बांगडी चढवताना हात दाबावा लागतो, डोकी जवळ येतात. सासुरवाशिणी माहेरचा निरोप तेवढ्यातच सांगतात. ही पुटपुटली, "मामी, भावाला सांगा, पंचमीला न्यायला ये म्हणावं. मनगट बघा, डाग दिलाय. मी इथं जगत न्हाय."

शेजारी पेन कुरकुरलं. मी तिरक्या नजरेनं पाहिलं. शब्दाला शब्द उतरवला होता.

सासूनं मान वर केली. "काय लिवलंस गं एवढं? वाच की, आमाला बी कळू दे."

माझ्या हातातली बांगडी फुटली. पोरीचा हात गार पडला.

बाई वहीत बघून म्हणाली, "हिरव्या सहा. आधी हात दाबून मऊ केला. भरताना फुटली तर नुकसान मणेरणीचं."

"हे तर आमच्या म्हशीला बी ठावं हाय!" सासू हसली. "ह्याचा पगार मिळतो व्हय तुला?"

गल्लीबाहेर येताच मी बाईला थांबवलं. म्हटलं, "ते पान फाडा."

"मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही."

"विहिरीसमोरचं घर लिवलंय न्हवं? मग नाव कशाला पायजे? तुमी पुण्याला जाल. ती पोरगी इथंच ऱ्हाणार."

"पण हेच तर माझं काम आहे."

"मग उद्यापासनं माझ्या मागं येऊ नका."

तिनं वही उघडली. मग पान फाडून माझ्या हातात दिलं. मी त्याचे कपटे करून विहिरीपासून लांबच्या एका घरी, पेटत्या चुलीत टाकले.

त्याच दुपारी बाईला मागं ठेवून एकटीनंच पोरीच्या माहेरची वाट धरली. दोन कोस. सासूनं कुणाला मागं लावलं असेल असं वाटून सारखी वळून बघत होते. कुणी नव्हतं.

भाऊ दारातच भेटला. निरोप सांगितला. पंचमीपर्यंत थांबू नका, हे मी माझ्या पदरचं जोडलं.