कौसाआत्याच्या चपला

फोन आला तेव्हा मी पेपरच्या कचेरीत जिल्ह्याचं पान तपासत होतो. कौसाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. झोपेतच हृदय थांबलं. सांगत होती तिची सून वनिता. मी वेळ विचारली आणि समोरच्या कागदावर लिहून घेतली. थोड्या वेळानं लक्षात आलं, ही बातमी कुठल्याच पानावर लावायची नव्हती...

आत्याचं घर बदनापुरात, स्टेशनपासून जवळ. मी जालन्याहून दर रविवारी जायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचो. आमच्या घरात पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत, चार पावलं वाटेला लावायला जातात. आत्याची चार पावलं लांबलचक होती. लिंबाचं झाड, पिठाची गिरणी, मग स्टेशनचा पूल. पूल चढून ती वर थांबायची, मी पलीकडे उतरून गाडीत बसेपर्यंत. खिडकीतून तिचा हिरवा पदर दिसायचा.

पंच्याहत्तरी उलटल्यावर तिचा पूल सुटला. मग ती गिरणीपासून परतू लागली, मग लिंबापासून. शेवटी ओट्यावरूनच हात करायची. "दूध ठेवलंय चुलीवर, उतू जाईन. जा तू, पोचल्यावर फोन कर." मी घाईत असायचो. वय झालं, असं आम्ही सगळेच म्हणायचो, तीही म्हणायची. त्या सुमारास मी जुन्या जालन्यातून तिच्यासाठी चपला घेतल्या होत्या. दोन वर्षं त्या कोनाड्यात नव्याच्या नव्या. आवडल्या नसतील, असं मला वाटलं आणि थोडं लागलंही.

एका रविवारी वनिता माझ्यामागे लिंबापर्यंत आली. "भाऊजी, दूध सकाळीच तापवलेलं असतंय. भाकरी थापता थापता बसून राह्यल्या काल. दम लागतो त्यांना. तुम्हाला कळू द्यायचं न्हाई म्हणल्यात."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला जालन्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली जवळजवळ नव्हती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा. गुडघ्यांसाठी ती वर्षानुवर्षं मेडिकलमधून गोळ्या आणून घ्यायची. त्या गोळ्यांनी पोटात जखम झाली होती आणि तिच्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. "हे वयामुळं नाही, आजी," बाई म्हणाल्या. "रक्त कमी झालंय. भरून निघेल."

आत्या उठून बसली. "म्हंजी म्या म्हातारी न्हाई?"

"आहात की. पण एवढ्या नाही."

"मंग दोन वर्सं कशाला बसवून ठुलं रे मला?" हे माझ्याकडे बघून. ती हसत होती.

त्या गोळ्या बंद झाल्या. पोटावर उपचार झाले, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, पुढे लोहाच्या गोळ्या सुरू राहिल्या. दीड महिन्यानं ती लिंबापर्यंत आली, मग गिरणीपर्यंत. गिरणीवाल्यानं विचारलं, "काय आजी, कुठं गेल्ता इतके दिस?" आत्या म्हणाली, "म्हातारी झाल्ते. डागदरनं खोडून देलं."

आमची शेवटची भेट पुलावरची. मध्ये एकदाच थांबून ती वर चढली, कठड्याला टेकली आणि म्हणाली, "आता मला कोण घालवायचं घरापर्यंत? चल, लिंबापर्यंत तरी." गाडी दिसत होती. पुढच्या रविवारी नक्की, असं म्हणून मी उतरलो. खिडकीतून पाहिलं. हिरवा पदर होता. पुढचा रविवार यायच्या आतच तो फोन आला.

तेराव्याला निघताना वनिता मला वाटेला लावायला आली. पुलाच्या पायथ्याशी मी थांबलो आणि म्हणालो, "चल, तुला घरापर्यंत सोडतो." आम्ही गिरणीवरून, लिंबावरून परत आलो. माझी गाडी गेली.

दाराशी आत्याच्या चपला तशाच होत्या, मी घेतलेल्या त्याच. मी एक उचलून उलटी केली. टाचेशी रबर चांगलं झिजलं होतं, खाचेत पुलावरची बारीक खडी अडकली होती. खडी मी काढली नाही. चपला होत्या तशा, दाराबाहेर तोंड करून, जोडीनं ठेवल्या.